मेहुण्याच्या हातचा दोर

"ताई कशी हाय?" गोमा उघडेनं मला विचारलं.

मुसळ्या सुळक्याच्या पायथ्याशी, खिंडीत, आम्ही वीस-बावीस जण जमलो होतो. डिसेंबरातलं सकाळचं ऊन सुळक्याच्या माथ्यावर नुकतं टेकलं होतं, खाली मात्र दात वाजत होते. गोमाच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात नारळ. पंचवीस वर्षांत त्याची कंबर वाकली होती, पुढचे दात गेले होते, पण मला त्यानं लांबूनच ओळखलं आणि ओळखल्याबरोबर माझ्या बहिणीची, उषाची, चौकशी केली.

"ताई गेली, गोमा," मी म्हणालो. "चार वर्षं झाली. कावीळ झाली होती."

तो चुकचुकला नाही की 'अरेरे' म्हणाला नाही. माझ्या खांद्यावरच्या दोराच्या वेटोळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग तुमी दोर कसा धरनार?"

गोमा खालच्या धामणदऱ्याचा. त्याच्या वाडीतली माणसं कड्यातली आग्या मोहोळं काढतात. एक जण कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरतो, दुसरा वर बसून दोर धरतो. हा दुसरा कोण असावा याचा त्यांच्यात नियम आहे. १९७८ साली मुसळ्यावर पहिल्यांदा चढाई करायला आम्ही कल्याणचे पाच जण आलो, तेव्हा गोमानंच तो आम्हाला सांगितला होता.

"दोर मेव्हन्यानं धरायचा. बायकोच्या भावानं. सख्ख्या भावाच्या हातात द्यायचा न्हाई, त्याची जमिनीवर नजर असती. दोस्ताच्या हातात द्यायचा न्हाई, त्याच्या मनातलं कोनाला ठावं? मेव्हना सोडत न्हाई. सोडला तर त्याचीच भन रांडाव व्हती."

आम्ही खो खो हसलो होतो. हसता हसता सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण विलास कोतवालनं त्याच वर्षी वैशाखात उषाशी लग्न केलं होतं. विलास माझा शाळेपासूनचा मित्र. "मेहुणे, धरा दोर!" असं म्हणून त्यानं दोराचं टोक माझ्या हातात कोंबलं, आणि मुसळ्यावर पहिलं कोण चढणार हा प्रश्न जागच्या जागी निकालात निघाला.

आता खरं सांगून टाकतो. आमच्या गिरिभ्रमण मंडळात सगळ्यांत चांगला चढणारा मी होतो. हे मी माझ्या तोंडानं म्हणत नाही, विलासच तेव्हा म्हणायचा. आदल्या दिवसापर्यंत मुसळ्यावर मीच चढणार असं ठरलेलं होतं. पण थट्टेथट्टेत गेलेली गोष्ट परत मागता येत नाही. मागितली की माणूस हावरा दिसतो. मी मुकाट्यानं दोर धरला.

चढणाऱ्याच्या कमरेचा दोर खालून सांभाळायचा, याला आम्ही बिले देणं म्हणतो. आता त्यासाठी छान छान यंत्रं मिळतात. तेव्हा दोर स्वतःच्या कमरेभोवती घ्यायचा आणि दगडाला पाय देऊन बसायचं. त्या दिवशी साठेक फुटांवर विलासचा पाय निसटला. दोर माझ्या तळहातांची सालं काढत गेला आणि थांबला. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल तर उषा. हिरव्या चुड्यातली, स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी. विलास लोंबकळत राहिला, सावरला, पुन्हा चढायला लागला आणि दुपारी एक वाजता मुसळ्याच्या माथ्यावर उभा राहिला. माणसाचा पाय तिथे पहिल्यांदाच लागत होता. पेपरात फोटो आला. त्यात माझा उजवा कोपर दिसतो.

पुढे तीच रीत पडली. कुठलाही सुळका असो, "मुकुंद आहे ना दोराला!" असं म्हणून विलास वर निघायचा. त्याचे सत्कार झाले, हिमालयातल्या मोहिमांची बोलावणी आली, शाळाशाळांतून व्याख्यानं झाली. व्याख्यानात तो न चुकता सांगायचा, "खाली माझा मेहुणा होता." मेहुण्याचं नाव मुकुंद रेगे, हे सांगायला त्याला कधी सुचलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. पोटात दुखायचं, पण ते दुखणं दाखवणार कुणाला? त्याच्या घरी उषा होती. तिला मात्र न सांगता कळायचं. "दादा, आरशात तोंड बघ जरा," एवढंच म्हणायची आणि लाडवांचा डबा पुढे करायची.

तर २००३ साली पहिल्या चढाईला पंचवीस वर्षं होत होती. मंडळानं ठरवलं, त्याच तारखेला त्याच वाटेनं विलास पुन्हा चढेल, एकावन्नाव्या वर्षी. मग बाकीच्या पाहुण्यांना एकेक करून आपण वर न्यायचं. मोहिमेचा प्रमुख मी. सहा महिने मी त्यात बुडालो होतो. दोर आणले, परवानग्या काढल्या, पंधरा दिवस आधी एकदा स्वतः चढून सगळी वाट तपासली.

ऐंशी फुटांवर, कातळाच्या फुगवट्याच्या खाली, विलासनं तेव्हा ठोकलेला लोखंडी खिळा अजून होता. खिळ्याच्या कडीतून दोर घ्यायचा म्हणजे चढणारा निसटला तर खिळा त्याला पेलतो. विलासला त्याच खिळ्यापाशी फोटो हवा होता, फोनवर चार वेळा सांगून झालं होतं. मी खिळा ओढून बघितला. हलणाऱ्या दातासारखा हलला. म्हणून मी त्याच्या उजवीकडे हातभर अंतरावर नवा बोल्ट ठोकला, पण तो दगडाच्या घडीआड होता, खालून दिसायचा नाही आणि चढणाऱ्यालाही मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय सापडायचा नाही. जुना खिळा फोटोपुरता राहू दिला. तो सुटला असता तर त्याखालचा बोल्ट पार चाळीस फूट खाली होता, आणि त्या दोहोंच्या मधे दगडाचा एक ओटा पुढे आला होता; पडणारा आधी त्याच्यावरच आपटला असता. विलास पुण्याहून आदल्या संध्याकाळी उशिरा पोचला. म्हटलं, सकाळी सांगू. दोर बांधताना बिले देणाऱ्यानं चढणाऱ्याला वाटेतलं सगळं सांगायचं, ही आमच्या मंडळाची पद्धतच होती.

आणि सकाळी गोमानं तो प्रश्न विचारला.

"म्हणजे काय?" मी म्हणालो. "तेव्हा धरला तसाच धरणार."

"तवा ताई व्हती." गोमानं विलासकडे काठी केली. "सायबानं दुसरं लगीन केलं का न्हाई?"

"केलं की," विलास म्हणाला. "गेल्या वर्षी."

"तिला भाऊ हाय?"

भाऊ होता. तिथेच होता. मंजिरीवहिनींचा धाकटा भाऊ निनाद ओक, वय छत्तीस, डोंगरातल्या मोहिमांची कंपनी चालवणारा. अंगावर लाल जॅकेट, कमरेला दोर अडकवायच्या चकचकीत कड्यांचा झुबका. निनादनं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. सगळे हसले, मंजिरीवहिनी सगळ्यांत जास्त.

मी विलासकडे बघितलं. मला वाटलं, तो म्हणेल, "गोमा, मुकुंदच धरेल." एवढंसंच वाक्य. त्यानं माझ्याकडे बघितलं, गोमाकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हातारबुवांचं मन कशाला मोडा? त्यांचं ऐकलं म्हणून तर गेल्या वेळी धडधाकट खाली उतरलो." मग दोराचं टोक निनादच्या हातात देऊन तो मोठ्यानं म्हणाला, "मेहुणे, धरा दोर!"

टाळ्या पडल्या. तीन-चार कॅमेरे वाजले. गोमानं नारळ फोडला.

विलासनं दुसरं लग्न केलं तेव्हा मी अक्षता टाकल्या होत्या, दोन जिलब्या जास्त खाऊन आलो होतो. वाईट वाटलं होतं, राग नव्हता. माणसानं एकटं किती दिवस काढायचे? पण त्या खिंडीत तेच शब्द ऐकले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या दोरानं मला जन्मभर खाली बसवून ठेवलं, तो हातातून गेल्यावर मी असा जळेन, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माथा त्याचा होता तो होताच. दोर तरी माझा होता. उषा होती म्हणून होता. आता तोही गेला आणि उषा होती हेसुद्धा गेलं, असं मला वाटलं.

"मुकुंदकाका," निनाद दोर यंत्रात भरता भरता म्हणाला, "वर काही खास लक्ष ठेवण्यासारखं?"

मुलगा गुणी होता, हाच तर खरा ताप. उद्धट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

"सगळं बघून ठेवलंय," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं.

विलास चढायला लागला. पोट सुटलं होतं, केस गेले होते, पण पाय अजून तसेच टाकायचा, मांजरासारखे. मी दोन हात बाजूला उभा राहून निनादचे हात बघत होतो. दोर कुठे ढिला सोडतोय, कुठे उगाच ताणतोय, कुठे दुसरीकडे बघतोय, काहीतरी सापडावं म्हणून बघत होतो. काही सापडलं नाही. विलासला जेवढा हवा तेवढाच दोर सुटत होता, हवा तेव्हाच सुटत होता. माझ्यापेक्षा चांगलं बिले देत होता तो. हे कळलं तेव्हा माझं तोंड कडू झालं.

साठ फूट झाले. ऐंशी झाले. विलास फुगवट्याखाली थांबला, एका हातानं दगड धरून दुसऱ्यानं खिळा चाचपत. खाली कॅमेरे सरसावले.

"मुकुंदा!" त्यानं वरून हाक मारली. दोर निनादच्या हातात, पण हाक मला. "या जुन्या खिळ्यातून घेऊ ना दोर?"

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'उजवीकडे बघ.' दोन शब्द. ते जिभेवर आलेले होते.

"घे!" मी म्हणालो.

निनादनं दोरावरची नजर न काढता हळूच विचारलं, "काका, पंचवीस वर्षांचा खिळा आहे. नक्की ना?"

"मी बघितलाय तो," मी म्हणालो.

तो पडावा असं मला वाटत होतं का? नाही, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो आहे. मला एवढंच हवं होतं, की दोर निनादच्या हातात असताना काहीतरी चुकावं. थोडंसं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघावं, 'मुकुंद असता तर' म्हणावं, इतपतच. पण ऐंशी फुटांवर थोडंसं असं काही नसतं, हे त्या खिंडीत माझ्याइतकं कुणालाही माहीत नव्हतं.

विलासनं कडी अडकवली, दोर घेतला, फोटोसाठी हसून दाखवलं आणि फुगवट्यावर हात टाकला. अर्धं अंग वर गेलं. मग त्याचा उजवा पाय थरथरायला लागला. शिवणयंत्राची सुई चालते तसा. वय झालं की तो पाय ऐकत नाही, मलाही माहीत आहे. तो पाय जागा शोधत होता आणि जागा मिळत नव्हती.

मी तोंड उघडलं. ओरडून तरी काय सांगणार होतो? आता तो खिळ्याच्या वर होता, परत खाली येण्याजोगा नव्हता. पण मी तेवढाही विचार केला नाही. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. शेजारी मंजिरीवहिनी दोन्ही हातांची बोटं गुंफून उभ्या होत्या, ओठ हलत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

पाय टेकला. विलास ढोपरावर वर सरकला, दिसेनासा झाला. पाच मिनिटांनी माथ्यावर त्याचे दोन्ही हात उभे राहिले आणि खिंडीत नुसता जल्लोष झाला. निनादनं मला मिठी मारली. मी मारू दिली.

"मुकुंदा, आता तू ये!" वरून आवाज आला. "बाकीच्यांच्या आधी!"

मागून चढणाऱ्याचा दोर वरचा माणूस धरतो. मी कमरेला गाठ मारली आणि निघालो. विलास माथ्यावर बसून, जुन्या पद्धतीनं, दोर स्वतःच्या कमरेभोवती घेऊन मला वर ओढून घेत होता. फुगवट्याखाली पोचलो. वाटेतल्या कड्या काढत जायच्या असतात, म्हणून मी खिळ्यातली कडी काढायला हात घातला. कडीबरोबर खिळाही हातात आला. जोर लावला नव्हता. नुसता आला. मागे दगडात बोटभर भोक राहिलं आणि त्यातून तांबडी माती माझ्या मनगटावर सांडली.

"थांबलास का रे?" विलासनं वरून विचारलं.

"काही नाही. दोर घट्ट धर."

"धरलाय. इतकी वर्षं तूच धरत आलास, एकदा मला धरू दे की नीट!"

मी खिळा दरीत टाकला. पडल्याचा आवाज आला नाही. मग फुगवटा चढलो. माझा पाय थरथरला नाही, पण प्रत्येक वेळी हात सुटेल असं वाटलं की दोर ताणला जायचा. विलास एक इंचही ढील देत नव्हता.

माथा म्हणजे दोन सतरंज्यांएवढी जागा. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. वारा होता. खाली धामणदऱ्याची कौलं, भाताची कापलेली खाचरं.

"तो खिळा हलत होता रे," विलास म्हणाला.

मी मनगटावरची तांबडी माती पुसली.

"हाताला लागलं मला. क्षणभर वाटलं, नको, याच्या भरवशावर वर जायला नको. उतरावं. एकावन्नाव्या वर्षी कसली आलीये हौस?" तो हसला. "पण तू घे म्हणालास. म्हटलं, मुकुंद बघितल्याशिवाय बोलायचा नाही."

"दोर निनादच्या हातात होता," मी म्हणालो.

"दोर असेल. गोमाच्या समाधानासाठी दिला. उषा गेली म्हणून तू माझा कोणी नाहीस, असं होतं का? मी वर चढतो तो तुझ्या शब्दावर. तेव्हाही आणि आजही." त्यानं मागे हात करून माझा खांदा थोपटला. "व्याख्यानांतून हे कधी सांगितलं नाही, ते चुकलंच. आज संध्याकाळी सांगणार आहे. तुझं नाव घेऊन."

पंचवीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते हेच होतं. सांगून टाकावं म्हणून मी त्याच्याकडे वळलो. "पाणी दे जरा," एवढंच तोंडातून आलं. त्यानं बाटली दिली.

संध्याकाळी त्यानं सांगितलंही. वाडीच्या शाळेच्या पडवीत, सगळ्यांसमोर, नावानिशी. 'मुकुंद रेगे'. माझ्यासाठी सगळे उभे राहिले. त्या टाळ्या मला बसल्या जागी ऐकवेनात.

पण त्याच्या आधी, दुपारी, खाली उतरल्यावर गोमा माझ्याजवळ आला होता. पानावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून त्यानं माझ्यापुढे धरला.

"सायेब, राग न्हाई ना? वाडवडलांनी घालून दिलेलं हाय. तुमच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई."

"बरोबर घालून दिलंय त्यांनी," मी म्हणालो.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही त्या नियमाला हसलो होतो. शिकलेली माणसं, जिवाभावाचे मित्र, आमच्यात कोण कुणाचा दोर सोडणार? गोमाच्या वाडवडिलांना खाली बसणाऱ्या माणसाच्या पोटात काय काय असतं ते माहीत होतं. मी तो नियम ऐकलेला होता, पण माझ्याबद्दल असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पाहुण्यांची चढाई सुरू व्हायची होती. निनाद दमला होता. "मुकुंद, आता तू बस बिलेला," कुणीतरी म्हणालं आणि दोर माझ्यापुढे केला.

"मी नाही," मी म्हणालो.

"अहो, दोनच जणांपुरता."

"नाही म्हटलं ना!" जरा जोरातच म्हणालो. मी सॅक उचलली आणि वाडीची वाट धरली.

त्या दिवसापासून आजतागायत मी कुणाचाही दोर धरलेला नाही. पुढच्याच महिन्यात मंडळाचं कामही सोडलं. मुकुंद रेगे रुसला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. निनादच्या हातात दोर दिला म्हणून रुसला, म्हातारपणी माणूस किती हलक्या मनाचा होतो बघा, असंही बोललं गेलं. निनाद बिचारा माफी मागायला आला. विलास तर वर्षभर येत राहिला. माझ्या शेजारी सोफ्यावर बसायचा आणि म्हणायचा, "अरे, एका म्हाताऱ्याच्या बोलण्याचा किती राग धरशील? तुझ्याइतका भरवशाचा माणूस मला दुसरा नाही रे."

मी आत जाऊन चहा टाकायचो. तो जाईपर्यंत रुसल्यासारखाच वागायचो.